गाइड पाहावा पारखून

मुलीसाठी स्थळ आले की आपल्याकडे चौकशीला सीमा राहत नाही. पगार, घर, स्वभाव, अगदी मुलाच्या मावशीपर्यंतची माहिती काढली जाते. तीच मुलगी 'पीएचडी करते' म्हणाली की मात्र घरातले एवढेच विचारतात, "विद्यापीठ कोणते?" ज्या माणसाच्या सहीवाचून तिचा प्रबंध पुढे सरकणार नाही, त्या गाइडबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. निदान तीन आणि बहुधा पाच-सहा वर्षे त्याच्याशीच गाठ असते.

वाचा, भाषा आणि श्रवण या विषयांत तर ही चौकशी जास्तच गरजेची. अडखळत बोलणारी मुले, कमी ऐकू येणारी मुले, पक्षाघातानंतर शब्द हरवून बसलेले आजोबा, यांच्या बोलण्याचा अभ्यास करणारे हे शास्त्र आहे. इथे गाइडकडे नुसती विद्वत्ता असून भागत नाही, कानही लागतो.

कान कोणाचा?

'चाक' आणि 'चार' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. 'च' लिहायला एकच. पण 'चाक' म्हणताना जीभ दातांमागे टेकते, 'चार' म्हणताना जरा मागे टाळूकडे सरकते. प्रमाण हिंदीत 'चाक'मधला हा 'च' नाही, 'ळ'ही नाही. म्हणजे हिंदीसाठी बनवलेल्या उच्चार-चाचणीत मराठी मुलाची ही अडचण सापडणारच नाही. उलट इंदूर किंवा हैदराबादच्या मराठी घरातले मूल 'चाक' हिंदी वळणाने म्हणाले, तर तो दोष मानायचा की शेजारच्या भाषेचा परिणाम? उत्तर चुकले तर निरोगी मुलाला महिनोन्महिने थेरपी, नाहीतर खरी गरज असलेल्या मुलाला 'मोठा झाला की बोलेल' म्हणत घरी ठेवणे. असे प्रश्न सोडवायलाच संशोधक हवेत.

म्हणून मराठी न येणारा गाइड नाकारावा का? मला तसे वाटत नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्श्रवण संस्था साठच्या दशकापासून या विषयात काम करते आहे. तोतरेपणावर पंचवीस वर्षे घालवलेला कन्नडभाषक प्राध्यापक मिळत असेल तर तो सोडू नये. मराठीची बाजू सांभाळायला सहमार्गदर्शक घेता येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचे अभ्यासक आहेत. म्हैसुरातच १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून वाचा आणि श्रवणदोषांची राष्ट्रीय संस्था आहे. मात्र दोन्ही गाइडांचे एकमेकांशी बोलणे होते ना, एवढे आधी पाहावे. नाहीतर विद्यार्थिनी दोघांमधली टपालवाली होते.

एक गोष्ट घरच्यांनी आधीच समजून घ्यावी. भाषाविज्ञानात पीएचडी केली म्हणून रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. त्यासाठी स्पीच थेरपीची मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी लागते. नावामागे 'डॉक्टर' लागल्यावर हे कळणे फार वाईट.

चौकशी कशी करायची?

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या 'शोधगंगा' या संग्रहात देशभरातले प्रबंध संगणकावर फुकट वाचता येतात. गाइडच्या हाताखाली झालेले दोन-तीन प्रबंध उघडावेत. विषय एकमेकांशी जुळतात की दर वेळी नवी दिशा? प्रत्यक्ष किती रुग्ण, किती मुले तपासली? ऋणनिर्देशही वाचावा. तो औपचारिक असतो हे खरे, पण 'सरांनी प्रत्येक प्रकरण तीनदा वाचले' असे कोणी उगीच लिहीत नाही.

मग पत्र. दहा जणांना एकच मजकूर पाठवला तर तो लगेच ओळखू येतो. गाइडचा एखादा लेख वाचून, त्यातला कोणता प्रश्न पुढे न्यायचा आहे आणि मुले किंवा रुग्ण कुठून मिळतील, हे एका पानात लिहावे.

जागांचा हिशोबही विचारावा, यात भिडेचे काही कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी अवधी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. मोठ्या नावाच्या मागे धावणाऱ्यांना हे बरेचदा उशिरा कळते.

मुलींसाठी याच नियमांत आणखी काही आहे. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. प्रबंधाच्या मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत देता येते. लग्नामुळे गाव बदलावे लागले, तर काही अटींवर संशोधनाची सामग्री नव्या विद्यापीठात नेता येते. पण नियमाने सामग्री हलते, गाइड हलत नाही. नव्या गावात तोच विषय घेणारा दुसरा गाइड शोधावाच लागतो, आणि या क्षेत्रात तसे लोक मोजकेच आहेत. तेव्हा लग्नाची बोलणी चालू असतील तर हा मुद्दाही त्याच बैठकीत निघू द्यावा.

राहिले प्रत्यक्ष भेटणे. गाइडला भेटून झाले की लगेच परतीची गाडी पकडू नये. त्याच विभागातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींबरोबर कँटीनमध्ये चहा घ्यावा आणि विचारावे, "मागच्या प्रकरणावरचे शेरे किती दिवसांनी मिळाले?"