साखरेचं घर, भाग ९ : न लंगडणारा पाय

“डॉक्टर, याला कोणतं मलम लावू?” तळपायाची जखम घेऊन आलेल्या मधुमेहीचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. तोवर घरी हळद, चुना, तंबाखू असं बरंच लावून झालेलं असतं. जखम भरत नाही ती मलम चुकल्यामुळे नव्हे. दिवसातून हजारो वेळा तिच्यावर त्या माणसाचं सगळं वजन पडत असतं, म्हणून.

साखरेनं नसा कशा बधिर होतात हे मागच्या भागात पाहिलं. पायाचं पुढं काय होतं, हे सारंगखेड्याच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा नुसत्या रूपावर जात नाही. तो जनावर चालवून बघतो, खूर उचलून बघतो. खुरात खडा रुतलेला असेल तर घोडा लंगडतो. भाव पडतो खरा, पण त्या लंगडण्यातूनच दुखऱ्या पायाला आराम मिळतो. बधिर पायाच्या माणसाला हीच सोय राहत नाही. काटा मोडला, चपलेचा खिळा वर आला, तरी तो सरळ चालत राहतो. दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी पाय धुताना पाणी लाल होतं, तेव्हा कुठं कळतं.

काटा मोडायलाच हवा असंही नाही. अंगठ्याखाली, चवड्यावर सतत दाब पडून घट्टा धरतो. घट्टा जाडावला की तोच आतल्या मांसाला दाबतो, खाली रक्त साकळतं आणि वरची कातडी धड दिसत असताना आत जखम तयार असते. हा घट्टा घरी ब्लेडनं तासणं किंवा त्यावर कुरूपाची औषधी पट्टी चिकटवणं धोक्याचं. त्या पट्टीतलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. बायकांनी आणखी एक पाहावं : पायाला सूज असेल तर जोडवी बोटात रुततात, आणि बोट बधिर असेल तर ते कळतही नाही.

उपचारांतली मोठी गोष्ट मधुमेहाच्या दवाखान्यात सापडलेली नाही, ती कुष्ठरोगाकडून आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की कुष्ठरुग्णांची बोटं रोगानं ‘झडत’ नाहीत. वेदना नसल्यानं रोज होणाऱ्या इजांमुळं ती जातात. त्या काळी अशा जखमी पायाला गुडघ्याखाली अंगाबरोबर बसणारं प्लॅस्टर घालून रुग्णाला चालू देत. वजन तळपायाच्या एका ठिपक्यावर न पडता सगळ्या पायावर आणि पोटरीवर वाटलं जाई. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून ही पद्धत मधुमेहींच्या पायापर्यंत पोचली. चवड्याखालच्या साध्या जखमेला आजही तोडीस तोड दुसरा उपाय फारसा नाही. प्लॅस्टर साधारण आठवड्यानं बदलतात आणि बऱ्याच जखमा दीड-दोन महिन्यांत भरतात. ऐन वेचणीत किंवा ऊसतोडीत “महिनाभर पाय खाली टेकू नका” हा सल्ला कोण पाळणार? मला तर तो सल्ला देणाऱ्याचीच सुटका वाटतो.

मात्र प्लॅस्टर सरसकट घालता येत नाही. आधी पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची नाडी लागते का, हे पाहावं लागतं. रक्त पोचत नसेल तर प्लॅस्टरनं पाय जाईल. अशा रुग्णाला धुळे, नाशिक किंवा सुरतला रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडं नेणं भाग आहे. जखमेत पू असेल तर तो आधी काढायचा, मेलेली कातडी कापायची. त्यानंतर जखम पहिल्यापेक्षा मोठी दिसते आणि नातेवाईक हमखास रागावतात. तरी ते करायलाच हवं. बोथट सळई हाडाला टेकली तर हाडातही जंतू शिरल्याची दाट शंका घेतात आणि प्रतिजैविकं कित्येक आठवडे द्यावी लागतात. पण लाली, सूज, पू यांपैकी काहीच नसेल तर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. धुवायला सलाईन पुरतं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नको. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर उपचार बदलायची वेळ झाली. बोट काळं पडलं, घाण वास आला किंवा ताप भरला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गुंता आहे, सिकलसेलचा. त्या आजारातही पायाला जखम होते, पण ती सहसा घोट्याजवळ असते आणि खूप दुखते. शिवाय त्यात तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच टिकतात. त्यामुळं तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी साखर खरी असते त्यापेक्षा कमी दाखवू शकते. अशा रुग्णाची रक्तातली साखरच थेट मोजत राहावी.

जखम भरली की काम संपलं असं वाटतं, पण भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. इथं चप्पल कामाला येते. कुष्ठरोग कार्यक्रमात बधिर पायाच्या रुग्णांना एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पल देतात. बधिर पायाच्या मधुमेहीलाही ती चालते. तिला मागं पट्टा हवाच, कारण नुसती स्लिपर चालता चालता पायातून कधी निसटली हे या माणसाला समजत नाही. अंगठ्याची पट्टी नको, ती बोटांच्या बेचक्यात घासते. तालुक्यातले कुष्ठरोगाचे कर्मचारी अशी चप्पल आणि असे पाय वर्षानुवर्षं हाताळत आले आहेत. मधुमेहाच्या रुग्णानं त्यांनाच गाठून आपला तळवा दाखवावा.