हेलियमचा हट्ट

विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध इथेच लागला म्हणून सांगतात. पण हेलियमची ओळख पटवणारी सूर्यप्रकाशातली पिवळी रेघ खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने पाहिली ती १८६८च्या ऑक्टोबरात, इंग्लंडात बसून. हे एकदा तिथल्या गाईडला सांगून पाहिलं, बिचारा हिरमुसला. माझं हेलियमवेड मात्र त्या कट्ट्यांवर सुरू झालं आणि मला नेदरलँड्समधल्या लायडनपर्यंत घेऊन गेलं.

पदार्थ कधी वितळेल, कधी उकळेल, हे त्याचे कण एकमेकांना किती घट्ट धरून आहेत यावर ठरतं. टंगस्टनची पकड ३,४२२ अंश सेल्सिअसपर्यंत सुटत नाही, म्हणून बल्बची तार त्याची. हेलियमचं दुसरं टोक. दोनच इलेक्ट्रॉन, कवच भरलेलं, कुणाशी देणंघेणं नाही. तो उणे २६९ अंशांनाच उकळतो. साहजिकच सगळे वायू द्रव झाले तरी हा शेवटपर्यंत अडून राहिला.

लंडनच्या ड्यूअरने १८९८ साली हायड्रोजन द्रव केला होता, पुढची पायरी त्याचीच समजली जात होती. पण पृथ्वीवर हेलियम शोधणारा रॅमसे त्याच शहरात, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. वायू मिळणार कुठून?

याच शर्यतीत उतरलेल्या लायडनच्या कामरलिंग ओनेसची अडचण निराळी. त्याची प्रयोगशाळा उभी होती ती १८०७ साली दारूगोळ्याचं जहाज फुटून उद्ध्वस्त झालेल्या जागेवर. दाबाखालचे वायू पाहून गाव घाबरलं आणि १८९५पासून तीन वर्षं काम बंद पडलं. त्याच्या बाजूने पत्र लिहिणाऱ्यांत ड्यूअरही होता! वायूची सोय भावाने केली. व्यापारी माहिती कचेरीतल्या या भावाने अमेरिकेतली मोनाझाइट वाळू मिळवून दिली आणि तिच्यातून हेलियम निघाला. ओनेसने यंत्रकारांची आणि काचकारांची शाळा काढली होती. फ्लिमसारखा कारागीर हाताशी होता. ड्यूअर बुद्धीने कमी नव्हता. माझ्या मते तो हरला तो माणसं तोडण्यामुळे.

१० जुलै १९०८. पहाटे पावणेसहाला काम सुरू. दुपारपर्यंत वीस लिटर द्रव हायड्रोजन तयार. संध्याकाळ झाली, हायड्रोजन संपत आला आणि तापमापकाचा आकडा एका जागी अडकला. सगळे हताश. सहज डोकावलेला सहकारी श्राइनमाकर्स म्हणाला, तापमापक द्रवातच तर बुडालेला नाही ना? खालून दिवा धरला. काचेवर द्रवाची धारदार कड दिसली. साठेक मिलीलिटर हेलियम!

ओनेसने त्याच संध्याकाळी तो गोठवायचा प्रयत्न केला. वरची वाफ पंपाने खेचली की द्रव आणखी थंड होतो, या हिशेबाने तो पुढे वर्षानुवर्षं खेचत राहिला. हेलियम गोठला नाही. फेब्रुवारी १९२६मध्ये ओनेस वारला. चार महिन्यांनी त्याच्याच प्रयोगशाळेतल्या केसोमने उलटं केलं: दाब वाढवला. हेलियम गोठला.

कारण पुढे क्वांटम सिद्धांताने सांगितलं. इतके हलके अणू निरपेक्ष शून्यालाही स्वस्थ बसत नाहीत आणि त्यांना जागेवर धरण्याइतकी ओढ त्यांच्यात नाही. त्यांना दाबूनच बसवावं लागतं, निदान पंचवीस वातावरणं दाब देऊन. ओनेस वर्षानुवर्षं दाब कमी करत होता.