लघवी गळते, पण कशामुळे?

लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते. पुरुषांत पिशवीच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून प्रोस्टेट ग्रंथी असते आणि तिच्याखाली मार्ग आवळून धरणारा स्नायू. लघवी साठताना पिशवी सैल राहते, स्नायू आवळलेला असतो. लघवी करताना नेमकं उलट होतं. हा मेळ कुठे बिघडला, त्यावर उपचार ठरतो.

खोकताना, शिंकताना, वजन उचलताना थेंब सुटतात? मग आवळणारा स्नायू दुबळा आहे. पुरुषांत हे बहुधा प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर होतं. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते रोज आवळायचे-सोडायचे. अनेकांना वर्षभरात फरक पडतो.

जोराची लागते आणि बाथरूम गाठण्याआधीच होते? मग पिशवी अवेळी आकुंचन पावते आहे. पक्षाघात, पार्किन्सन, मधुमेह किंवा जंतुसंसर्ग यामागे असू शकतो. चहा-कॉफी कमी करणं, लघवीच्या दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवणं आणि गोळ्या, हे उपाय.

तिसरा प्रकार फसवा. प्रोस्टेट वाढून वाट अरुंद होते, धार बारीक होते, कुंथावं लागतं. पिशवी पूर्ण रिकामी होतच नाही आणि भरलेलं पिंप वाहावं तशी लघवी झिरपत राहते. झोपेत अंथरूण ओलं होणं ही याची मोठी खूण. बरेचदा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं आणि ताण मूत्रपिंडांवर जातो. दुसऱ्या प्रकारात पिशवी शांत करणाऱ्या काही गोळ्या इथे लघवी तुंबवू शकतात. सर्दीची काही औषधंही तेच करतात. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये.

लघवी उरकून चड्डी वर घेतल्यावर दोन-चार थेंब पडतात, ते मात्र मार्गाच्या वळणात उरलेले असतात. वृषणांच्या मागे बोटांनी हलकं दाबत पुढे आणलं की निघून जातात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस नोंद ठेवा: किती प्यायलात, कधी आणि किती लघवी झाली, कधी गळली. लघवीची तपासणी आणि लघवी केल्यावर पिशवीत किती उरते ते दाखवणारी सोनोग्राफी, यांतून बरंच उलगडतं. गळतीच्या भीतीने पाणी तोडू नका. दाट लघवी पिशवीला चिडवते. लघवीतून रक्त आलं, तर चालढकल नको. लघवी पूर्ण अडली किंवा गळतीबरोबर पायांतली शक्ती गेली, तर लगेच रुग्णालय गाठा.