बोट लागते? शीड उतरवू नका, आवळा

कोकण किनाऱ्यावर हिवाळा सरल्यापासून पावसाळा लागेपर्यंत वाऱ्याचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले असते. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो. सकाळी तो पडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत समुद्र खवळून काढतो. गोव्याहून मुंबईकडे निघालेल्या शिडाच्या नौकेला हा दुपारचा वारा थेट तोंडावर बसतो. शीड कितीही चांगले असले तरी वाऱ्याच्या तोंडात नौका सरळ जात नाही. तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. अंधार पडायच्या आत बंदर गाठायचे असते. मग इंजिन सुरू होते आणि 'आता शिडाचे काय काम' म्हणून ते उतरवले जाते.

त्यानंतर अर्ध्या तासात नौकेवरचे निम्मे लोक कठड्याला लागलेले दिसतात.

आपल्याकडे याला 'बोट लागणे' म्हणतात. वैद्यकातला 'नॉशिया' हा शब्दही मूळचा समुद्रावरचाच. ग्रीक भाषेत 'नाऊस' म्हणजे जहाज. आपला 'नौका' शब्द त्याच कुळातला. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावर जवळपास पाच वर्षे होता, पण मळमळीने त्याची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही. तेव्हा बोट लागणे हा भित्रेपणा नव्हे. आतल्या कानातील तोल सांभाळणारे अवयव सांगतात की शरीर हलते आहे. केबिनमध्ये बसलेल्याचे डोळे सांगतात की समोरची भिंत स्थिर आहे. मेंदूला या दोन साक्षींचा मेळ घालता येत नाही आणि त्याचा राग पोटावर निघतो. साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारी संथ हालचाल सर्वाधिक मळमळ आणते, असे प्रयोगांत दिसले आहे.

शीड हे शॉक अॅब्सॉर्बर

शीड उतरवल्यावर नौका उलट लंबकासारखी वागू लागते. वर उंच डोलकाठी, खाली जड तळ आणि मध्ये डावी-उजवीकडे झोके. शीड उभारलेले असेल तर तीसेक चौरस मीटर कापडाला प्रत्येक झोक्यात हवा ढकलावी लागते आणि झोका तिथेच मरतो. त्यातच वारा शिडावर एका बाजूने सतत रेलत असल्याने नौका किंचित कललेली, पण स्थिर राहते. आजूबाजूच्या हिंदकळण्यापेक्षा ठरावीक कल शरीराला सोसतो. मात्र शीड पुढे-मागे आपटणे थांबवत नाही. ते थांबते नाळ लाटेवर सरळ न घालता थोडी तिरकी घातल्याने. शीड भरण्यासाठीही नेमके हेच करावे लागते. म्हणजे एका बदलात दोन्ही कामे होतात.

वारा पुढे का सरकतो?

वारा पडलेल्या दिवशीही स्कूटरवर तोंडावर वारा लागतो. नौकेचेही तसेच. खरा वारा आणि नौकेच्या वेगाने निर्माण झालेला वारा यांची बेरीज शिडाला जाणवते. समजा, १२ नॉटचा वारा आहे. नुसत्या शिडावर नौका त्या वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून ५ नॉटने चालली आहे. तेव्हा शिडाला वारा नाळेपासून सुमारे ३२ अंशांवरून लागतो. आता इंजिन सुरू करून वेग ६ नॉट केला आणि कोन ३५ अंशांवर आणला, तर तोच वारा जेमतेम २३-२४ अंशांवरून, जवळजवळ समोरून येतो आणि त्याचा जोर १७ नॉटपर्यंत जातो. म्हणून आधीच्या बेताने सोडलेले शीड इंजिन लागताच फडफडू लागते. चूक शिडाची नसते. ते आवळायचे राहिलेले असते.

आवळायचे कसे?

पहिली गोष्ट, मुख्य शीड सपाट करायचे. ते वर चढवणारा दोर घट्ट करावा आणि मागचा खालचा कोपरा ओढणारा दोरही ताणावा. फुगीर शीड इतक्या चिंचोळ्या कोनात भरत नाही. दुसरी गोष्ट, शिडाच्या तळाची आडवी दांडी, म्हणजे बूम, नौकेच्या मध्यरेषेवर आणायची. ज्या नौकांवर बूमचा दोर आडव्या पट्टीवर सरकवता येतो, तिथे ती पट्टी वाऱ्याच्या बाजूला किंचित वर घेतली की दोर फार न खेचताही बूम मध्यावर येते. तिसरी गोष्ट, दोर इतकाही खेचू नये की शिडाची मागची कड आतल्या बाजूला वळेल. त्या कडेवर बांधलेल्या फिती मागे वाहत असतील तर ठीक. त्या शिडामागे लपल्या तर दोर बोटभर सैल करावा.

एवढे करूनही पुढची कड फडफडत असेल, तर दोराशी झगडू नये. सुकाणू पाच अंश वाऱ्यापासून दूर न्यावे. फडफड थांबेपर्यंत पाच-पाच अंश द्यावेत. पुढचे शीड एवढ्या चिंचोळ्या कोनात बहुधा भरत नाही, ते गुंडाळलेले बरे. नौका फार कलू लागली तर मुख्य शीड आखडून लहान करावे. जास्त कलल्यास इंजिनाचे थंड पाणी ओढणारे छिद्र पाण्याबाहेर येऊ शकते आणि वंगणाचा पुरवठाही बिघडतो. म्हणून अधूनमधून मागे वाकून धुराच्या नळीतून पाणी पडते आहे ना, हे पाहत राहावे.

तिरके गेल्याने अंतर वाढते, हा आक्षेप नेहमीचा. त्याचा हिशेब असा. बंदर २० सागरी मैलांवर, वारा थेट तिथूनच. लाटांवर आदळत सरळ जाणारी नौका समजा साडेचार नॉट देते, तर साडेचार तास लागतील. ३५ अंश तिरके जाऊन अंतर २४ मैलांहून थोडे जास्त होते, पण ६ नॉटने ते चार तासांत संपते. नुसत्या शिडावर, ४५ अंशांनी आणि ५ नॉटने, हेच अंतर साडेपाच तासांहून जास्त वेळ घेईल. सरळ जाण्याच्या तुलनेत वाचलेली वेळ फक्त पंचवीस मिनिटे. खरी बचत वेगळीच आहे. चार तासांनी बंदराच्या तोंडाशी, उथळ पाण्यात, मावळतीच्या उजेडात निर्णय घेणारी माणसे शुद्धीवर आणि पायांवर असतात.

मळमळ की धूर?

एक धोका मात्र बोट लागण्याच्या वेषात येतो. वारा समोरून असताना इंजिनाचा धूर मागे निघून जाईल, असे वाटते. प्रत्यक्षात केबिनच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर परत आत ओढला जातो. पाण्याचे फवारे नकोत म्हणून पुढचे झरोके बंद आणि मागचे दार उघडे, ही स्थिती त्यासाठी अगदी पोषक. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डिझेल इंजिनात तो पेट्रोलपेक्षा कमी, पण शून्य नव्हे.

लक्षणे फसवी असतात: डोकेदुखी, मळमळ, गुंगी, गोंधळ. डोकेदुखी ठळक असेल, आत बसलेल्या सर्वांना एकदमच त्रास सुरू झाला असेल, तर 'बोट लागली' म्हणून त्यांना आत झोपवू नये. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे, इंजिन बंद करावे आणि लवकरात लवकर ऑक्सिजन मिळेल असे पाहावे. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही आणि आकडा चांगलाच दिसतो. केबिनमध्ये या वायूची सूचना देणारे यंत्र असावे.

खरोखर बोट लागली असेल तर त्या माणसाला वर, नौकेच्या मध्याजवळ बसवून क्षितिजाकडे पाहायला सांगावे. जमत असल्यास सुकाणूच त्याच्या हाती द्यावे. हालचाल आपणच घडवतो आहोत, हे मेंदूला कळले की तक्रार कमी होते. पाणी थोडे-थोडे, वारंवार द्यावे. उलट्या होत असतील तर ओआरएस द्यावे. मेक्लिझिन किंवा प्रोमेथाझिनसारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वी घ्यावीत. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. या औषधांनी झोप येते, हे नौका हाकणाऱ्याने विसरू नये.

दोन गोष्टी राहिल्या. वाऱ्याच्या अगदी तोंडातच जायचे असेल, तर फडफडणारे शीड वर ठेवू नये. त्याची शिवण उसवते आणि मोकाट बूम डोक्यात बसते. अशा वेळी शीड उतरवून बूम मध्यावर बांधावी. आणि इंजिन सुरू असले की शीड वर असूनही आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती इंजिनाची नौका ठरते. दिवसा टोक खाली असलेला काळा शंकू पुढे टांगावा, रात्री इंजिनाच्या नौकेचे दिवे लावावेत आणि जाळी टाकून बसलेल्या मच्छीमारांना वाट द्यावी. त्यांच्याकडून वाट मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.