पुसली गेलेली गावे : कॅन्ससमधील गार्फील्ड काउंटीचा इतिहास

गाव ओस पडणे ही कल्पना आपणांस अपरिचित नाही. आपल्या महसुली दप्तरात निर्मनुष्य गावासाठी 'बेचिराख' हा शब्द आहे. विदर्भात अशा गावांना 'रिठी' म्हणतात. जेथे दिवा लागत नाही ते बेचिराख. तरीही त्या गावाचे नाव, त्याची शीव आणि त्याचे गट क्रमांक दप्तरात कायम राहतात. तुमच्यापैकी काहींची मूळ गावे कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली असतील. त्यांचीही नावे पुनर्वसित वसाहतींच्या रूपाने उरली आहेत. या लेखात मात्र आपण अशा गावांचा विचार करणार आहोत, की ज्यांची वस्ती तर गेलीच, पण ज्या प्रशासकीय घटकात ती वसली होती तो घटकही नकाशावरून नाहीसा झाला. ही गावे अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात, गवताळ माळरानावर होती. या माळरानाला तेथे 'प्रेअरी' म्हणतात.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या प्रदेशाला 'सीमाप्रांत' म्हटले जाते ते पूर्वेकडून आलेल्या गोऱ्या वसाहतकारांच्या दृष्टीने. शायान, अरापाहो, कायोवा, कोमांची या जमातींच्या दृष्टीने ती सीमा नव्हती, घर होते. १८६७ च्या मेडिसिन लॉज येथील करारांनी या जमातींना दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात, ढकलण्यात आले. त्यांचे जीवन ज्यावर अवलंबून होते ते गव्यांचे कळप पुढील काही वर्षांत कातड्यांसाठी मारले गेले. वसाहतकार आले तेव्हा माळावर हाडे पसरलेली होती. पहिले पीक हाती येईपर्यंत अनेक कुटुंबांनी ती हाडे गोळा करून रेल्वे स्थानकावर विकली. त्यांचे खत होई. या भूमीची पहिली सुगी ही अशी होती.

आता गावे कशी उभी राहत ते पाहू. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे वास्तव्य व मशागत करणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन केवळ नाममात्र शुल्कात मिळू शके. लाकूड दुर्मिळ असल्याने मुळ्यांनी घट्ट बांधलेल्या मातीच्या लाद्या नांगराने कापून त्यांचीच घरे रचली जात. परंतु गाव हे शेतकऱ्यांच्या वस्तीतून हळूहळू वाढलेले नसे, आणि हा आपल्या ग्रामव्यवस्थेशी असलेला मोठा भेद आहे. पाच-सात भांडवलदार एकत्र येऊन 'नगर कंपनी' काढत, जमिनीचा तुकडा घेत, त्यावर रस्ते व चौक आखत आणि भूखंड विकायला काढत. नकाशा आधी, माणसे नंतर. गावाबरोबर लगेच वृत्तपत्रही निघे. होमस्टेडचा अंतिम दावा करणाऱ्याला तशी जाहीर सूचना छापावी लागे, आणि त्या सूचनांच्या पैशावर लहानशी छापखानेही तग धरीत. संपादक बहुधा त्याच गावाच्या उत्कर्षात गुंतलेला असे. त्यामुळे त्याने सांगितलेली लोकसंख्या व वर्तवलेली रेल्वे आपण सावधपणेच वाचली पाहिजे.

अशा गावाचे भवितव्य दोन गोष्टींवर ठरे. पहिली रेल्वे, दुसरी काउंटीचे मुख्य ठाणे. काउंटी म्हणजे राज्याचा प्रशासकीय विभाग. आपल्या जिल्ह्याशी त्याची ढोबळ तुलना करता येईल. ठाणे ज्या गावात, त्या गावात न्यायालय, तुरुंग, जमिनीची नोंदणी, वकील, खटल्यांसाठी येणाऱ्यांची खानावळ आणि सरकारी छपाईचे काम. ज्याने भूखंड विकत घेतला आहे त्याची सारी पुंजी या एका निवडणुकीवर टांगलेली. मग बंदुका निघाल्या यात नवल नाही. १८८८ च्या जुलै महिन्यात स्टीव्हन्स काउंटीच्या ठाण्याच्या वादातून चार माणसे ठार झाली. घटना ज्या पट्ट्यात घडली तो तेव्हा कोणत्याच राज्यात मोडत नव्हता. टेक्ससमधील न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले, परंतु १८९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

गार्फील्ड काउंटीचा वाद इतका रक्तरंजित नव्हता, पण त्याचा शेवट अधिक विलक्षण आहे. १८८७ मध्ये ही काउंटी स्थापन झाली. तिच्यात रवॅना आणि एमिनन्स ही दोन गावे एकमेकांपासून थोड्याच मैलांवर होती. (रवॅना हे नाव मराठी कानाला 'रवाना' असे ऐकू येते, हा निव्वळ योगायोग, पण विसरता येत नाही.) त्याच वर्षी ठाण्यासाठी मतदान झाले. शांतता राखण्यासाठी डॉज सिटीचा प्रसिद्ध बंदूकधारी बॅट मास्टरसन याला साथीदारांसह आणले होते असे सांगितले जाते. रवॅना थोड्या मतांनी जिंकले. एमिनन्सने निकालाला आव्हान दिले, बोगस मतांचा आरोप केला, आणि अखेर न्यायालयाने एमिनन्सच्या बाजूने निर्णय दिला. दप्तर हलले.

येथे बहुतेक गावांची कथा संपते. हरलेल्या गावातील लोक घरे चाकांवर किंवा ओंडक्यांवर चढवून जनावरांकरवी जिंकलेल्या गावी ओढून नेत. रवॅनाच्या लोकांनी दुसरा मार्ग शोधला. कॅन्ससच्या राज्यघटनेनुसार ४३२ चौरस मैलांहून लहान काउंटी स्थापन करता येत नाही. रवॅनाने काउंटीची मोजणी करवून घेतली. क्षेत्रफळ किंचित कमी भरले.

हे कसे घडू शकते? सरकारी मोजणीत जमीन सहा मैल बाजूच्या चौकोनांत विभागली जाई. असा चौकोन ३६ चौरस मैलांचा. असे बारा चौकोन मिळून बरोबर ४३२ होतात. कागदावर हिशेब चोख आहे. परंतु पृथ्वी गोल असल्याने रेखावृत्ते उत्तरेकडे एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे चौकोनांच्या काही कडा आखूड पडतात. साखळीने केलेल्या मोजणीतील चुका वेगळ्याच. किमान मर्यादेवर बेतलेल्या काउंटीला एवढी तूटही पुरेशी होती. काउंटीची स्थापनाच अवैध ठरली आणि १८९३ मध्ये तो प्रदेश शेजारच्या फिनी काउंटीला जोडण्यात आला. ठाणे रवॅनालाही मिळाले नाही आणि एमिनन्सकडेही राहिले नाही; ते दूर गार्डन सिटीला गेले. आज 'गार्फील्ड' हे नाव फिनी काउंटीतील एका उपविभागापुरते उरले आहे.

या सूडाने दोन्ही गावे मेली असे म्हणणे आकर्षक आहे, आणि लोककथा तसेच म्हणते. माझ्या मते ते अर्धसत्य आहे. एक म्हणजे या गावांपर्यंत रेल्वे आली नाही. गार्डन सिटी मात्र सँटा फे रेल्वेमार्गावर, आर्कान्सा नदीच्या काठी होती आणि तेथे कालवे काढता आले. दुसरे आणि मोठे कारण पावसाचे. शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला वार्षिक पाऊस साधारणपणे वीस इंचांखाली, म्हणजे सुमारे ५०० मिलिमीटरच्या आत असतो. आपल्या दुष्काळी पट्ट्यातील विद्यार्थ्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच आपल्या अहवालात इशारा दिला होता की या प्रदेशात १६० एकरांवर कोरडवाहू शेतीने कुटुंब जगणार नाही. परंतु १८८० च्या दशकाच्या मध्यास काही वर्षे पाऊस चांगला झाला, आणि जमीन नांगरली की पाऊस वाढतो हा समज रेल्वे कंपन्यांनी व जमिनीच्या दलालांनी जोमाने पसरवला. जानेवारी १८८६ च्या हिमवादळात गुरे मोठ्या संख्येने मेली. त्यानंतर १८८७ पासून अवर्षण सुरू झाले. जमिनी गहाण पडल्या, शेतकरी पूर्वेकडे परतू लागले, गिऱ्हाईक नाही म्हणून दुकाने बंद झाली. न्यायालयाचा निकाल काहीही लागला असता तरी त्या माळावर दोन नगरे जगली असती असे वाटत नाही. कदाचित एक, तेही लहानसे, उरले असते.

वस्ती उठल्यावर आखलेले रस्ते व भूखंड रीतसर रद्द करून जमीन पुन्हा शेत म्हणून धरता येई. राज्य विधिमंडळ तसे कायदे करी. म्हणून अशा गावांचा शोध आज टपाल कार्यालयांच्या याद्या, जुनी वृत्तपत्रे आणि दफनभूमी यांतून घ्यावा लागतो. वृत्तपत्रांच्या बाबतीत कॅन्सस भाग्यवान आहे. तेथील इतिहास संस्था १८७५ मध्ये संपादकांनीच स्थापन केली आणि राज्यातील वृत्तपत्रे जपण्याचा परिपाठ ठेवला. जनगणनेच्या बाबतीत मात्र दैव आड आले. गार्फील्ड काउंटी अस्तित्वात असताना एकच राष्ट्रीय जनगणना झाली, ती १८९० ची. आणि तिच्या मूळ नोंदवह्यांचे १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथील आगीत मोठे नुकसान झाले व आज त्या जवळजवळ उरलेल्या नाहीत. रवॅनाच्या किंवा एमिनन्सच्या कोणत्या घरात त्या वर्षी कोण राहत होते हे आपल्याला त्या वह्यांतून आता कधीच कळणार नाही.

स्वाध्याय : तुमच्या तालुक्यातील एखादे बेचिराख गाव निवडा. तलाठी दप्तरातील नोंद, देवस्थानाची किंवा विहिरीची खूण आणि जवळच्या गावातील वृद्धांची आठवण या तिन्हींत गाव उठण्याचे कारण एकच सांगितले आहे काय, ते पाहा. तसे नसल्यास कोणत्या साक्षीवर तुम्ही अधिक विश्वास ठेवाल आणि का, ते सुमारे ३०० शब्दांत लिहा.