ग्राफिक्स कार्ड अमेरिकेतून मागवायचं की लॅमिंग्टन रोडवर घ्यायचं? नेमकं स्वस्त काय पडतं?

दिवाळी जवळ आली की बऱ्याच घरांच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "दादा, येताना एक ग्राफिक्स कार्ड आणशील का? तिकडे खूप स्वस्त आहे."

मेसेज टाकणारा बहुतेक वेळा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असतो, नाहीतर व्हिडिओ एडिटिंगची कामं घेणारा एखादा तरुण. त्याने अमेरिकेतल्या वेबसाइटवर किंमत पाहिलेली असते. ती रुपयांत केली की मुंबईतल्या दुकानापेक्षा दहा-बारा हजारांनी कमी दिसते. मग वाटतं, इथले दुकानदार लुटतात.

पण हा फरक जेवढा दिसतो तेवढा खरंच असतो का? आणि असला, तर तो खिशात राहतो का? वर्षभर साठवलेले पन्नास-साठ हजार एकाच डब्यात घालायचे असतील, तर हा हिशोब आधी मांडलेला बरा.

आधी एक गैरसमज : 'लोकल' म्हणजे देशी नव्हे

मुंबईतला लॅमिंग्टन रोड, पुण्यातली तापकीर गल्ली, दिल्लीचं नेहरू प्लेस किंवा बंगळुरूचा एसपी रोड. यातल्या कुठल्याही दुकानात प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड घेतलं, तरी ते बाहेरूनच आलेलं असतं. त्यातली मुख्य चिप बहुतेकदा तैवानमध्ये बनलेली असते.

म्हणजे प्रश्न 'परदेशी घ्यायचं की देशी' असा नाहीच. आयात दोन्हीकडे आहे. खरा प्रश्न असा, की ती आयात कोण करणार? कंपनीचा अधिकृत वितरक, की तुम्ही स्वतः?

वितरक आयात करतो तेव्हा कस्टम, कागदपत्रं, तुटफूट आणि वॉरंटी या सगळ्याची जबाबदारी तो घेतो, आणि त्याचे पैसे किमतीत लावतो. तुम्ही आयात करता तेव्हा ते पैसे वाचतात, पण ती जबाबदारीही तुमच्याच अंगावर येते.

टॅक्स नेमका किती लागतो?

कॉम्प्युटरच्या पार्ट्सवर प्रचंड कस्टम ड्युटी असते, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण जागतिक व्यापार संघटनेत १९९६ साली माहिती तंत्रज्ञान करार झाला आणि भारत त्यात सामील झाला. त्यामुळे लॅपटॉप, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड अशा बहुतेक वस्तूंवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे.

समाजकल्याण अधिभार हा मूळ सीमाशुल्काच्या १० टक्के असतो. मूळ शुल्कच शून्य असेल, तर अधिभारही शून्य.

उरतो तो आयजीएसटी, १८ टक्के. तो फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही, तर किंमत, शिपिंग आणि विमा यांच्या बेरजेवर लागतो.

दुकानात घेतलं तरी जीएसटी १८ टक्केच असतो. फरक एवढाच, की भारतात छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, आणि अमेरिकेतल्या वेबसाइटवर दिसणारी किंमत बिनाटॅक्सची असते. तिथला सेल्स टॅक्स बिल करताना लागतो आणि प्रत्येक राज्यात वेगळा असतो. ओरेगॉन, डेलावेअरसारख्या राज्यांत तो नाही. कॅलिफोर्नियात मूळ दरच ७.२५ टक्के आहे, आणि त्यावर स्थानिक कर चढू शकतो.

म्हणजे आपण तुलना करतो ती बिनाटॅक्सच्या किमतीची आणि टॅक्ससकट किमतीची. चूक होते ती इथेच.

आकडे मांडून बघू

समजा, एक कार्ड अमेरिकेत ५०० डॉलरला आहे. हिशोब सोपा व्हावा म्हणून डॉलर ९० रुपयांचा धरू. झाले ४५ हजार. तेच कार्ड मुंबईत समजा ५८ हजारांना आहे. वरवर पाहता फरक १३ हजारांचा.

पण ५८ हजारांतले सुमारे ८,८५० रुपये जीएसटीचे आहेत. ते काढले तर दुकानाची बिनाटॅक्स किंमत उरते ४९,१५० रुपये. म्हणजे खरा फरक सव्वाचार हजारांच्याही आत आला.

आता हेच कार्ड कुरिअरने घरी मागवलं तर काय होतं?

- कार्डची किंमत : ४५,००० रुपये
- शिपिंग, समजा ५० डॉलर : ४,५०० रुपये
- विमा धरून बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी : सुमारे ९,००० रुपये
- क्रेडिट कार्डचं परकीय चलन शुल्क, समजा ३ टक्के, आणि त्यावर जीएसटी : सुमारे १,७५० रुपये
- कुरिअर कंपनीचं कस्टम क्लिअरन्सचं शुल्क, समजा १,००० रुपये

एकूण झाले ६१,२५० रुपये. ज्याला आपण महाग म्हणत होतो, तो दुकानदार सव्वातीन हजारांनी स्वस्त निघाला.

आकडे वस्तूप्रमाणे बदलतील. काही वस्तूंवर इथे नफा जास्त लावलेला असतो आणि तिथे आयात परवडतेही. पण पाचही ओळी मांडल्याशिवाय ते कळत नाही.

पोस्टाने मागवताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खासगी वापरासाठी टपालाने आलेल्या मालाला सीमाशुल्काच्या यादीत वेगळं शीर्षक आहे, आणि त्याचा दर वेगळा असतो. शून्य शुल्काचा फायदा तिथे मिळेलच असं नाही.

'गिफ्ट' असं लिहून पाठवायची जुनी युक्तीही आता चालत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने कुरिअर आणि पोस्टाने येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी बंद केली. सवलत उरली ती राखी आणि जीव वाचवणाऱ्या औषधांपुरती.

आणि दादाने बॅगेतून आणलं तर?

इथे मात्र हिशोब बदलतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला ठराविक किमतीपर्यंतचं सामान करमुक्त आणता येतं. २०१६ च्या बॅगेज नियमांत बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीयांसाठी ही मर्यादा ५० हजार रुपये ठरली होती. सरकार ती बदलत असतं, म्हणून प्रवासाआधी सीमाशुल्क विभागाच्या साइटवर ताजा आकडा पाहावा.

शिवाय १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो, आणि तो या मर्यादेत धरला जात नाही.

म्हणजे आपलं ४५ हजारांचं कार्ड बॅगेत बसतं. तिथला सेल्स टॅक्स ८ टक्के धरला तर ३,६०० रुपये वाढतील. एकूण ४८,६००. दुकानापेक्षा ९,४०० रुपये कमी. ही बचत खरी आहे.

पण काही अटी आहेत. ही मर्यादा माणशी असते, नवरा-बायकोची मिळून एकत्र करून एकच महागडी वस्तू आणता येत नाही. सामान स्वतःच्या वापराचं किंवा भेट देण्याचं हवं. एकाच बॅगेत चार कार्डं निघाली तर तो धंदा समजला जाऊ शकतो. आणि मर्यादेत चॉकलेट, परफ्यूम, घड्याळ असं बाकीचं नवं सामानही मोजलं जातं. मर्यादेच्या वरच्या रकमेवर शुल्क भरावं लागतं, आणि त्यासाठी रेड चॅनेलमधून जाऊन सामान जाहीर करायचं असतं. लपवून आणलं आणि पकडलं गेलं, तर दंड दादाला बसतो, मेसेज टाकणाऱ्याला नाही.

९,४०० रुपये कशाचे वाचले?

बरीचशी रक्कम कराची आहे, उरलेली वितरकाच्या साखळीची. पण त्याबरोबर सुटते ती वॉरंटी, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ग्राफिक्स कार्डवर बऱ्याच कंपन्या ३ वर्षांची वॉरंटी देतात. पण अनेकदा ती ज्या देशात विकत घेतलं त्या देशापुरती असते. अमेरिकेतलं बिल घेऊन इथल्या सर्व्हिस सेंटरवर गेलं, की 'हा सिरियल नंबर आमच्या भागातला नाही' असं उत्तर मिळू शकतं.

आधी सगळीकडे चालणारी वॉरंटी पुढे बदलू शकते, हेही लक्षात ठेवावं. एप्रिल २०१६ मध्ये इंटेलने भारतासाठी वेगळं धोरण आणलं. डब्यातून मिळणाऱ्या प्रोसेसरवर भारतात वॉरंटी हवी असेल, तर तो भारतातल्या अधिकृत वितरकाकडचाच असला पाहिजे, अशी अट घातली. त्याविरुद्ध तक्रार गेली आणि २०१९ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला.

समजा दीड वर्षाने कार्ड बंद पडलं. आता ते परत अमेरिकेला पाठवायचं. पाठवण्याचा खर्च तुमचा. दुरुस्त होऊन परत आलं की पुन्हा कस्टम. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेल्या वस्तूला सवलत आहे, शुल्क फक्त दुरुस्ती आणि वाहतुकीच्या खर्चावर लागतं. पण हीच वस्तू बाहेर गेली होती हे कागदावर दाखवावं लागतं. एका कार्डसाठी एवढी कागदपत्रं कुणी करत नाही. व्यवहारात ते कार्ड कपाटात जातं.

म्हणजे ९,४०० रुपये वाचवताना ४८,६०० रुपये स्वतःच्या जोखमीवर लावलेले असतात. ज्याच्या घरी ते झेपतं त्याने जरूर लावावेत. ज्याचं कॉलेजचं प्रोजेक्ट किंवा महिन्याची कमाई त्या एका कार्डवर आहे, त्याने दोनदा विचार करावा.

इथल्या दुकानदाराशी वाद झाला तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. परदेशातल्या विक्रेत्याला तिथे खेचून आणणं फार अवघड आहे.

२०२३ चा तो मेसेज खरा होता का?

३ ऑगस्ट २०२३ ला सरकारने लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन कॉम्प्युटर आणि सर्व्हरच्या आयातीवर परवान्याची अट घातली. 'आता परदेशातून लॅपटॉप आणता येणार नाही' असे मेसेज फिरू लागले. दुसऱ्याच दिवशी सरकारने मुदत पुढे ढकलली, आणि ऑक्टोबरमध्ये कंपन्यांसाठी ऑनलाइन मंजुरीची पद्धत आणली.

पण मूळ आदेशातच सामान्य माणसाला सूट होती. बॅगेतून आणलेल्या लॅपटॉपला हा नियम नव्हता, आणि ऑनलाइन खरेदी करून पोस्टाने किंवा कुरिअरने एक नग मागवायलाही, लागू शुल्क भरून, परवानगी होती. सुटे पार्ट्स, म्हणजे रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड, त्या यादीत नव्हतेच.

वापरलेल्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. परदेशी साइटवरून जुना किंवा रिफर्बिश्ड लॅपटॉप मागवायचा तर सरकारी परवाना लागतो. स्वस्त म्हणून मागवलेलं पार्सल कस्टममध्येच अडकू शकतं.

लॅपटॉप, मॉनिटर, वायरलेस कीबोर्ड, पॉवर अ‍ॅडॉप्टर अशा वस्तूंना बीआयएसची सक्तीची नोंदणीही आहे. ती मॉडेल आणि कारखान्यानुसार होते. भारतात न विकलं जाणारं मॉडेल मागवलं, तर विचारणा होऊ शकते.

मग कधी काय घ्यावं?

बाहेरून आणण्यात अर्थ आहे तो भारतात मिळतच नसलेल्या वस्तूंसाठी. हलक्या आणि सहसा बिघडत नसलेल्या वस्तूंसाठी. किंवा कंपनीने इंटरनॅशनल वॉरंटी लेखी दिलेल्या लॅपटॉपसाठी, आणि तोही कुणी येणारं असेल तर. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टचा आहे ना, आणि कीबोर्डची मांडणी वेगळी नाही ना, एवढं बघून घ्यावं.

जड, महाग आणि तापणाऱ्या वस्तू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, मॉनिटर, शक्यतो इथेच घ्याव्यात. व्यवसायासाठी घेत असाल तर बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर घालून घ्यावा, इनपुट क्रेडिट मिळू शकतं.

मात्र इथे घेतलं म्हणजे वॉरंटी मिळालीच, असंही नाही. बाजारात कुणीतरी बॅगेतून आणलेला मालही विकला जातो. तो ओळखायची सोपी खूण डब्यावरच असते. आयात केलेल्या पॅकवर आयातदाराचं नाव-पत्ता, छापील किंमत आणि ग्राहक सेवेचा नंबर असलेलं स्टिकर कायद्याने लागतं. ते नसेल आणि दुकानदार 'बिलाशिवाय दोन हजार कमी करतो' म्हणत असेल, तर अमेरिकेतून मागवण्यातली जोखीम इथेही तीच, फक्त बॅग दुसऱ्या कुणाची होती.

म्हणून ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. दोन्ही किमती टॅक्ससकट मांडाव्यात. कंपनीच्या साइटवर वॉरंटी कोणत्या देशात चालते ते वाचावं. आणि वस्तू बंद पडली तर नेमकं कुणाच्या दारात उभं राहायचं, हे ठरवावं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'दादाच्या' असं येत असेल, तर दादाला आधी विचारलेलं बरं.