चांदीचे पाणी करण्याचे घरगुती यंत्र : रचना व मर्यादा

चांदीच्या भांड्यातील पाणी लवकर नासत नाही, ही समजूत आपल्याकडे जुनी असून ती सर्वस्वी निराधार नाही. चांदीचे सूक्ष्म अंश जंतूंस मारक होतात. याच आधारावर विजेने घरी चांदीचे पाणी करून ते माणसांस व गुरांस पाजावे, अशी शिफारस हल्ली कानी येते. सबब ते यंत्र कसे चालते व त्याचा भरवसा कोठवर धरावा, हे शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

ऊर्ध्वपातित पाण्यात शुद्ध चांदीच्या दोन तारा एकमेकींपासून दूर सोडून बॅटरीस जोडल्या की धन बाजूच्या तारेची चांदी झिजून पाण्यात उतरते. आरंभी पाणी विजेस फार विरोध करते. चांदी उतरताच तो विरोध घटतो, प्रवाह वाढतो, कणांचे गठ्ठे होतात व तळाशी गाळ बसतो. पाटाच्या तोंडाशी फळी घालून पाणी आवरावे, तसा हा प्रवाह आवरावा लागतो.

त्याची योजना येणेप्रमाणे : नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या ओळीने जोडून २७ व्होल्ट घ्यावेत. पी.एन.पी. ट्रान्झिस्टरचा एमिटर ६८० ओहमच्या रोधातून धन टोकास जोडावा. बेस हा ओळीने जोडलेल्या दोन डायोडांतून धन टोकास व २२ किलोओहमच्या रोधातून ऋण टोकास जोडावा. डायोडांची पट्ट्याची बाजू बेसकडे असावी. कलेक्टर चांदीच्या एका तारेस व दुसरी तार ऋण टोकास जोडावी. एमिटरच्या रोधावर सुमारे ०.६५ व्होल्टच राहत असल्याने, आरंभीचा काळ सोडता, प्रवाह १ मिलिअँपिअरच्या आसपास स्थिर राहतो.

विहिरीचे पाणी यास चालत नाही. त्यातील क्लोराइडाशी चांदीचा संयोग होऊन पाणी दुधाळ होते.

आता हिशेब पाहू. फॅरडेच्या नियमाने १ मिलिअँपिअर प्रवाह तासाभरात सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी सोडतो. पाणी अर्धा लिटर असल्यास लिटरमागे ८ मिलिग्रॅमपर्यंत चांदी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने पेयजलात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चांदी सोसण्याजोगी मानली आहे. म्हणजे हे पाणी ऐंशी पट तीव्र ठरते. अशी चांदी दीर्घकाळ पोटात गेल्यास कातडी निळसर करडी पडते व तो रंग पुन्हा जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच अशी औषधे सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय दिला.

चांदीचा योग्य उपयोग निराळा आहे. २००९ साली निघालेल्या 'टाटा स्वच्छ' गाळणीत भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसविलेले होते. तेथे चांदी गाळणीत राहून काम करते. ती औषध म्हणून पाजावयाची नसते.

२०२१ च्या जुलैतील महापुरानंतर शुद्ध पाण्याचे मोल महाड तालुक्यास सांगावयास नको. पिण्याचे पाणी उकळावे. विहिरीत दर हजार लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर कालवून तासभर थांबावे. जनावर आजारी पडल्यास पशुवैद्यास बोलवावे. विजेचे तत्त्व शिकण्यास हे यंत्र उत्तम आहे. त्यातील पाणी मात्र कोणाच्याही मुखी लावू नये.